आयटीआय इलेक्ट्रिशियन म्हणून जर्मनीत कायमचं जायचंय, सुरुवात कुठून करू?

तारजोड
नमस्कार मंडळी. परदेशी जाण्याबद्दल इथे धागे खूप आहेत, पण बहुतेक एमएस करणाऱ्यांचे नाहीतर आयटीतल्यांचे. हातात पक्कड घेऊन काम करणाऱ्यासाठी एकही सापडला नाही, म्हणून हा काढतोय.

मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा ट्रेड, पुढे अप्रेंटिसशिप. सध्या चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पॅनेल, मोटर स्टार्टर, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह), थोडं पीएलसी (यंत्र चालवणारा कंट्रोलर). वय २९, लग्न झालंय, मुलगी लहान आहे. नोकरी कंत्राटी. ठेकेदार बदलला की सगळं परत पहिल्यापासून. शेजारी उभा असलेला पर्मनंट माणूस आणि मी एकच काम करतो, पगारात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. आखातात जायचं नाही. तिकडे पैसा मिळतो, पण घर होत नाही. बायको-मुलीसकट कायमचं राहता येईल असा देश हवाय आणि त्यासाठी जर्मनी डोक्यात आहे.

एक एजंट साडेचार लाख मागतोय. म्हणतो सहा महिन्यांत पाठवतो, भाषा तिकडे गेल्यावर शिका. हे कितपत खरं? आणि 'कायमचं' म्हणजे नक्की किती वर्षांनी, कशावर? माहीतगारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

हातोडी
साडेचार लाख देऊ नकोस. बाकी लोक सविस्तर सांगतीलच, पण हे आज रात्रीच वाचून ठेव.

सोलकढी
हातोडींना अनुमोदन. आमच्या रत्नागिरीकडे घरटी एक माणूस कुवेत, दुबई नाहीतर सौदीला गेलेला, त्यामुळे एजंट ही जात आम्ही जवळून पाहिली आहे. तारजोडदादा, परराष्ट्र मंत्रालयाचं ई-मायग्रेट पोर्टल आहे. तिथे नोंदणी असलेल्या भरती एजंटला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. नोंदणी आहे का हे पोर्टलवर नाव टाकून बघता येतं. आधी नोंदणी क्रमांक माग. मागितल्यावर माणूस विषय बदलतो की नाही ते बघ.

नेकारकाठ
तारजोड, मी श्टुटगार्टजवळ एका यंत्र बनवणाऱ्या कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे, मूळचा नगर जिल्ह्यातला, तुझ्यासारखाच आयटीआयवाला. सवडीने लिहितो, कारण तुझा प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. लोक 'जायचं कसं' विचारतात, तू 'राहायचं कसं' विचारलंस.

जर्मनीत जायचे रस्ते आता बरेच आहेत. २०२० चा कुशल कामगार कायदा २०२३-२४ मध्ये आणखी सैल केला. पण प्रत्येक रस्ता कायमच्या वास्तव्याकडे सारख्याच वेगाने जात नाही, आणि एजंट नेमकं हेच सांगत नाहीत.

पहिला रस्ता आनरकेनुंगचा, म्हणजे तुझं शिक्षण तिथल्या तीन-साडेतीन वर्षांच्या आउसबिल्डुंगच्या (कामावर शिकत करायच्या व्यवसाय प्रशिक्षणाच्या) तोडीचं आहे असं तिथल्या अधिकृत संस्थेकडून लिहून घेणं. कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या कामासाठी अर्ज न्यूर्नबर्गच्या आयएचके फोझाकडे (उद्योग-व्यापार मंडळांच्या मान्यता कार्यालयाकडे) जातो. घरांच्या, इमारतींच्या वायरिंगचं काम असेल तर हांडवेर्क्सकामरकडे (कारागिरांच्या मंडळाकडे). शुल्क साधारण १०० ते ६०० युरो. पूर्ण मान्यता मिळाली की तू कायद्याने 'फाखक्राफ्ट' म्हणजे कुशल कामगार, आणि त्या दर्जाचा वास्तव्य परवाना घेऊन तीन वर्षं काम केलंस, ३६ महिने पेन्शनचे हप्ते भरलेस, बी१ जर्मन (भाषेच्या पायऱ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात) आणि तिथल्या कायदा-समाजाची छोटी परीक्षा झाली की कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो.

दुसरा रस्ता अनुभवाचा, मार्च २०२४ पासून. दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण, गेल्या पाच वर्षांतला किमान दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक पगाराचं नोकरीचं पत्र (२०२५ मध्ये तो वर्षाला ४३,४७० युरो होता, कंपनी कामगार करार पाळणारी असेल तर त्या करारातला पगार चालतो). यात मान्यता लागत नाही, भाषेची अटही नाही. एजंट म्हणतो ते बहुधा हेच. पण मान्यता नसेल तर ती तीन वर्षांची सवलतही नाही. सर्वसाधारण नियमाने पाच वर्षं धर. आणि बी१ तेव्हाही लागतंच. म्हणजे भाषा चुकली नाही, फक्त पुढे ढकलली.

तिसरा मधला, मान्यतेची भागीदारी. नोकरीचं पत्र, दोन वर्षांचं शिक्षण आणि ए२ जर्मन एवढ्यावर आधी जायचं, मान्यतेची प्रक्रिया तिथे राहून पूर्ण करायची. आयटीआयवाल्यांना पहिल्या फटक्यात बहुतेक वेळा अर्धवट मान्यता मिळते, त्यामुळे हा रस्ता आपल्यासाठी फार कामाचा आहे. कंपनी तुला उरलेले विषय कामावरच शिकवते. मी असाच पूर्ण केला.

चान्सेनकार्टेबद्दलही (नोकरी शोधण्यासाठीच्या 'संधी कार्डा'बद्दल) ऐकलं असशील, जून २०२४ पासून आहे. वर्षभर तिथे राहून नोकरी शोधायची. त्यासाठी महिन्याला ठरावीक रक्कम (२०२५ मध्ये १,०९१ युरो) या हिशेबाने वर्षाचे पैसे आधी बँकेत अडकवून ठेवावे लागतात. लहान मुलगी असताना मी हा सुचवणार नाही.

भुईमूग
नेकारकाठ, मी वेल्डर आहे, आयटीआय एक वर्षाचा. मग 'दोन वर्षांचं शिक्षण' या अटीत मी बसत नाही का? अनुभव भरपूर आहे, टिग आणि आर्क दोन्ही.

नेकारकाठ
भुईमूगभाऊ, खरं सांगायचं तर इथेच गाडी अडते. आपल्याकडे वेल्डर, प्लंबर, सुतार हे ट्रेड एक वर्षाचे. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट दोन वर्षांचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या रस्त्याला दोन वर्षं लागतात, त्यात अनुभव कितीही असला तरी तो शिक्षणाच्या जागी धरत नाहीत. तुम्ही फोझाला किंवा बॉनच्या मोफत सल्ला केंद्राला (झेडएसबीए) थेट ईमेल करा, अप्रेंटिसशिपची कागदपत्रं सोबत जोडा, काय धरतील ते त्यांच्याकडूनच लेखी घ्या.

तोवर एक करा. आयएसओ ९६०६-१ ची वेल्डर परीक्षा पुण्या-मुंबईत देता येते. युरोपात वेल्डर घेताना हाच कागद विचारतात. टिगला १४१, आर्कला १११ हे क्रमांक लक्षात ठेवा. मुलाखतीत तेच बोलतात. मात्र सहा-सहा महिन्यांनी चालू कामाची सही घेत राहावं लागतं, नाहीतर प्रमाणपत्र बाद.

जुना_मिस्त्री
सगळे जा जा म्हणतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी या धंद्यात केस पांढरे केले. तारजोड, तुझ्याकडे व्हीएफडी-पीएलसीचं ज्ञान आहे. इथेच वायरमनचा परवाना, पुढे सुपरवायझरचा परवाना काढ, चार पोरं हाताशी घे आणि सोलरची, सोसायट्यांची कामं धर. चांगला इलेक्ट्रिशियन आज शोधून सापडत नाही. तिकडे जाऊन पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली शिकाऊ व्हायचं, तेही तिशीत? आईबाप इथे, भाषा परकी, आणि पगारातला एक तृतीयांश कर-विम्यात जातो हे कुणी बोलत नाही.

नेकारकाठ
मिस्त्रीकाका, कापलं जातं हे खरं आहे, मी लपवत नाही. एकट्या माणसाच्या पगारातून ढोबळमानाने तिसरा हिस्सा जातो. पण त्यात आरोग्य विमा येतो, पेन्शन येते, बेकारीचा विमा येतो. मागे पाठीच्या दुखण्याने घरी होतो. आजारपणात पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, तो मला मिळाला. चाकणला कंत्राटात असताना एक दिवस गेलो नाही तर तो दिवस बुडाला. हातावर पोट असणाऱ्यालाच कळतं हा फरक किती मोठा आहे.

शिकाऊ व्हावं लागतं हेही खरं. पण त्याला कारण आहे. पहिल्या दिवशी मला पॅनेल उघडूच दिलं नाही. आपल्याकडे लाल-पिवळा-निळा हे तीन फेज आणि काळा न्यूट्रल. इथे तपकिरी-काळा-करडा फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे माझ्या हाताला वर्षानुवर्षं जी तार फेज म्हणून ठाऊक ती इथे न्यूट्रल, आणि जी न्यूट्रल ती फेज! डोक्याने समजायला मिनिट लागतं, हाताला समजायला महिने. मग पाच सुरक्षा नियम: पुरवठा तोडायचा, तो परत कुणी चालू करणार नाही अशी कुलपाने सोय करायची, तिन्ही फेजवर वीज नाही हे तपासायचं, अर्थ करून शॉर्ट करायचं, शेजारचे जिवंत भाग झाकायचे. क्रम न चुकता तोंडपाठ. तपासायला आपला स्क्रूड्रायव्हरवाला टेस्टर चालत नाही, दोन टोकांचं मीटर लागतं, आणि ते आधी चालू सॉकेटवर लावून ठीक आहे का बघायचं. माझ्या फोरमनने एकदा माझं कुलूप नीट बसलेलं नाही म्हणून अख्खी लाइन थांबवून ठेवली, उत्पादनाचा विचार केला नाही. मला ते बघून फार बरं वाटलं होतं. आपल्या जिवाची किंमत कुणीतरी करतंय.

जुना_मिस्त्री
हे मात्र आवडलं. इथे चालू लाइनवर काम करायला लावतात आणि मग हळहळतात. माझा एक साथीदार तसाच गेला.

पोळपाट
काका, वाईट वाटलं.
तारजोड, एक बाई म्हणून विचारते. वहिनींचं काय म्हणणं आहे? तुमच्या पोस्टमध्ये त्या फक्त 'बायको-मुलीसकट' एवढ्याच आल्यात. मी नवऱ्यामागे हानोव्हरला आले तेव्हा भाषा येत नव्हती, लेकीच्या बालवाडीत शिक्षिका काय सांगतेय ते कळायचं नाही. तुम्ही क्लास लावाल तेव्हा दोघांचा लावा. खर्च दुप्पट होईल, पण इथे आल्यावर घरात कोंडलेलं माणूस सगळ्या घराला पुन्हा भारतात ओढतं. परत गेलेली कुटुंबं पाहिली आहेत, त्यात नोकरी गेली म्हणून परतलेली कमी होती.

आणि घराबद्दल: भाड्याचं घर बऱ्याचदा स्वयंपाकघराच्या ओट्याशिवायच मिळतं, छतातून नुसत्या तारा लोंबत असतात, दिवेसुद्धा आपण लावायचे. तीन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट. दिव्यांच्या बाबतीत तरी तुम्ही निर्धास्त!

मेपलपान
अवांतर नाही, पर्याय म्हणून लिहितेय. माझा भाऊ कॅनडात हेवी ड्यूटी मेकॅनिक आहे. तिथे फेडरल स्किल्ड ट्रेड्स नावाचा वेगळा कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि भाषेची अट बाकीच्यांपेक्षा सौम्य: बोलणं-ऐकणं सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी) ५, लिहिणं-वाचणं ४. पहिल्याच दिवसापासून कायमचं वास्तव्य मिळतं ही मोठी गोष्ट. पण त्यासाठी एकतर कॅनडातल्या मालकाचं वर्षभराच्या नोकरीचं पत्र हवं नाहीतर तिथल्या प्रांताचं ट्रेडचं प्रमाणपत्र, आणि ते भारतात बसून मिळवणं अवघड. शिवाय मार्च २०२५ पासून नोकरीच्या पत्राचे जादा गुण काढून टाकले. इलेक्ट्रिशियनला पुढे रेड सील ही ट्रेडची देशभर चालणारी परीक्षा, पास व्हायला ७० टक्के. इंग्रजी बरं असेल तर विचार करण्यासारखं.

निलगिरी_सावली
ऑस्ट्रेलियाचंही थोडक्यात. गुणांवर मिळणाऱ्या व्हिसाला वय ४५ च्या आत, किमान ६५ गुण, आणि ट्रेडची तपासणी ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलियाच्या कक्षेत. इलेक्ट्रिशियनची प्रात्यक्षिक परीक्षा होते. ती पास झालात तरी लगेच एकट्याने काम करता येत नाही, परवाना राज्य देतं, तोवर परवानाधारकाच्या देखरेखीखाली. पगार उत्तम. पण आयईएलटीएसमध्ये चारही भागांत निदान ६ लागतात, आणि आपल्या मुलांचं लिहिण्यात घोडं अडतं.

मांडवीतीर
गोंयकार हांव, पण मराठीतच लिहितो. आमच्याकडे पोर्तुगालच्या पासपोर्टवर युरोपात जाणारे खूप. १९ डिसेंबर १९६१ आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना तो मिळतो, मग जर्मनीत कामाला व्हिसाच लागत नाही. माझा मावसभाऊ तसा गेला, एसी-फ्रिजचा मेकॅनिक. पण मान्यतेचा कागद नसल्यामुळे पहिल्यांदा गोदामात खोकी उचलायला लागली. पासपोर्टने दार उघडलं, पण त्याचं काम त्याला मिळालं नाही. नंतर भाषा शिकून कागद केला तेव्हा कुठे स्वतःच्या ट्रेडमध्ये आला. त्यामुळे नेकारकाठ जे मान्यतेवर एवढा जोर देतायत ते शंभर टक्के बरोबर.

कट्टेकरी
महाराष्ट्र सरकारनेच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केलाय ना? मग एजंटची गरज काय, सरकारच पाठवेल.

नेकारकाठ
हो, २०२४ मध्ये केला आणि त्यात इलेक्ट्रिशियनसारखे ट्रेड होते. तिथे नाव नोंदवायला हरकत नाही. पण त्याची वाट बघत भाषा थांबवू नये. सरकारी योजना असो, थेट कंपनी असो, पहिला प्रश्न हाच येतो की तुझं जर्मन कुठवर झालं. बी१ हातात असलेला इलेक्ट्रिशियन कंपन्या स्वतः शोधतात.

आणि पुस्तकी भाषा एवढीच पुरत नाही हेही सांगून ठेवतो. आमच्याकडे श्वाबियन बोलतात. क्लासमध्ये शिकलेलं 'निष्ट' इथे 'नेट' होतं. जेवणाच्या सुट्टीत काय हसतायत ते कळायला बराच काळ गेला. पण सातारा-कोल्हापूरची बोली मुंबईकराला कळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच, घाबरू नकोस.

सोलकढी
कोल्हापूरची बोली मुंबईकराला अजून कळलेली नाही हो.

रांगडा_गडी
काय भावा, आमी काय वंगाळ बोलतोय व्हय?

तारजोड
सगळ्यांचे मनापासून आभार. दिवसभर शिफ्टमध्ये होतो, आता बसून सगळं वाचलं. मिस्त्रीकाका, तुमचं म्हणणं मनात ठेवलंय. परवान्याचं इथेही करतोच, ते वाया जाणार नाही.

पोळपाटताई, तुम्ही विचारलंत म्हणून हिला धागा वाचायला दिला. ही जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे, लग्नाआधी नाशिकला हॉस्पिटलमध्ये काम केलंय, मुलगी झाल्यावर थांबली. ती म्हणाली, "नर्सचं कुणी काहीच का लिहिलं नाही?"

पोळपाट
अहो तारजोड! हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं!

हातोडी
मग आता वहिनी पुढे, तू मागे.

पोळपाट
थट्टा नाही, खरंच विचार करा. इथे नर्सची टंचाई इलेक्ट्रिशियनपेक्षाही जास्त जाणवते. नर्सिंगचा परवाना मात्र कडक असतो. तिथे मान्यता सक्तीची आणि भाषा साधारण बी२ पर्यंत न्यावी लागते, शिवाय जुळवणीचं प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा. म्हणून वेळ जास्त लागेल. पण कुणीही एक जण कुशल कामगार म्हणून आला की जोडीदाराला इथे कुठलीही नोकरी करायची मुभा असते. दोघांनी बी१ पर्यंत बरोबर शिका. मग ज्याला आधी चांगलं पत्र येईल त्याने पुढे व्हावं. मुलीला सहा-आठ महिने आजीकडे ठेवायचं का हा निर्णय तुमचा, मी तरी ठेवलं नसतं.

भुईमूग
नेकारकाठ, बॉनला ईमेल पाठवलाय. उत्तर आलं की इथेच लिहितो, माझ्यासारखे एक वर्षाच्या ट्रेडवाले बरेच असतील.

तारजोड
आमचं ठरलं. एजंटला नाही कळवलं. दोघांनी ए१ चा क्लास लावायचा, माझा शिफ्टमुळे ऑनलाइन, हिचा दुपारचा, आणि परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात द्यायची. बरोबरीने मान्यतेचा अर्ज.

एकच अडचण उरली. अनुभवाचा दाखला. काम चाकणच्या कंपनीत केलं, पण कागदावर मी तीन वेगवेगळ्या ठेकेदारांचा माणूस. त्यातल्या एकाने धंदा बंद केला. कंपनी म्हणते तुम्ही आमचे नाहीच, दाखला कसा देऊ. मग मी एवढी वर्षं कुठे काम केलं ते सिद्ध कसं करायचं?

जुना_मिस्त्री
पीएफचं पासबुक काढ. यूएएनमध्ये कुठल्या आस्थापनेने कुठल्या महिन्यात पैसे भरले ते सगळं असतं, ठेकेदार बंद पडला तरी नोंद राहते. सोबत गेटपास, ईएसआय कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या. कंपनीचा एचआर दाखला देत नसेल तर मेंटेनन्सच्या इंजिनिअरला भेट. तो तुला रोज बघतो. त्याच्याकडून तू कोणती यंत्रं सांभाळलीस एवढंच सही-शिक्क्यानिशी मिळतंय का बघ. काही इंजिनिअर देतात.

नेकारकाठ
काकांनी सांगितलं ते सगळं जमव. जो ठेकेदार अजून आहे त्याच्याकडून लेटरहेडवर दाखला घे, आणि त्यात नुसतं 'इलेक्ट्रिशियन म्हणून काम केले' लिहून घेऊ नकोस, त्याचा तिकडे उपयोग नाही. काय काय केलंस ते हवं: किती किलोवॅटपर्यंतच्या मोटरी, कोणते ड्राइव्ह, पॅनेलची जोडणी, दोष शोधणं, अर्थिंगची मोजणी, आठवड्याचे तास. मसुदा तूच मराठीत लिहून काढ आणि मला व्यनि (खासगी निरोप) कर, जर्मन अभ्यासक्रमातल्या मुद्द्यांशी जुळवून देतो. आयटीआयच्या दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रमही विषयवार तासांसह संस्थेकडून शिक्का मारून घे. भाषांतर सगळ्यात शेवटी, आणि अधिकृत भाषांतरकाराकडूनच.

तारजोड
आज रात्रपाळी आहे. उद्या सकाळी सुटलो की आधी आयटीआयला जातो, मसुदा रविवारी पाठवतो.